करवत नेण्याआधी

सातपुड्यातल्या शेतकऱ्याला आंब्याची निगा कळत नाही, असं मी बराच काळ मानत होतो. तोंडाने कधी म्हटलं नाही, पण धडगावच्या पाड्यांवर शिकवताना माझ्या सुरातून ते कळत असणार. उंच गेलेली गावठी झाडं, फांद्यांची दाटी, जागोजाग बांडगूळ. माझा उपाय ठरलेला होता. जुनं झाड वरून छाटायचं, जखमांना बोर्डो पेस्ट लावायची, नव्या फुटीवर केसरचं कलम बांधायचं.

लोक माना डोलवत आणि झाडाला हात लावत नसत. मी त्याला आळस म्हणायचो, सहकाऱ्यांबरोबर त्यावर हसायचोही. त्या हसण्याची आज लाज वाटते.

एका पाड्यावर प्रात्यक्षिकासाठी करवत काढली, तेव्हा झाडाच्या मालकिणीने विचारलं, "भाऊ, छाटल्यावर फळ कधी धरेल?"

"दोन-तीन वर्षांनी."

"तोवर बियाणाला पैसे कुठून आणू?"

ती वाद घालत नव्हती, खरोखरच उत्तराची वाट पाहत होती. मला काही सुचेना. मग तीच सांगू लागली. कैऱ्या पावसाआधी उतरवायच्या, सोलून कापायच्या, खडकावर वाळवायच्या. पांढरा राहिलेला आमचूर चांगल्या भावाने जातो, त्यावर पेरणी होते. पिकलेला केसर डोंगर उतरून बाजार गाठेपर्यंत नासेल. आमचूर महिनोन्महिने टिकतो. आणि आमचुराला गावठी कैरीचा आंबटपणाच लागतो.

मी फांद्या पाहिल्या होत्या, फुटवे पाहिले होते. त्या झाडावर घराचं काय चालतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. अडाणी कोण, हे मला तिथेच कळलं.

माझं शास्त्र खोटं नव्हतं. दाटीत फळ कमी लागतं, बांडगूळ फांदी मारतं. त्या दिवशी आम्ही वाळक्या आणि बांडगूळ धरलेल्या फांद्या तेवढ्या काढल्या. तिला ते लगेच पटलं. आता मी छाटणी थोडी थोडी, काही वर्षांत विभागून सुचवतो. केसर हवा असेल त्याने नवी कलमं वेगळी लावावीत.

डोंगरात फळझाडं शिकवायला जाणाऱ्यांना एकच विनंती: पहिल्या भेटीत करवत नेऊ नका. कैरी कुठे विकली जाते आणि घरात पैसा कोणत्या महिन्यात लागतो, एवढं आधी विचारून या.