दुकान समोरच होते

ह्यूस्टनला मुलाकडे येऊन आठच दिवस झाले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचे किराणा-भाजीचे मोठे दुकान दिसे. अंतर फार तर तीनशे मीटर. दोन वर्षांची असताना पोलिओने माझा उजवा पाय गेला, त्याला आता अठ्ठावन्न वर्षे झाली. कॅलिपर आणि कुबड्या घेऊन सांगलीत एवढे अंतर मी रोजच चालत असे. तेव्हा मुलगा आणि सूनबाई कामावर गेल्यावर कोथिंबिरीचे निमित्त करून मी एकटीच निघाले.

वसाहतीच्या फाटकापर्यंत गुळगुळीत पायवाट होती. फाटकाबाहेर ती कापून टाकल्यासारखी संपली. पुढे गवत, गवताखाली चिखल आणि त्याला लागून पावसाचे पाणी वाहून नेणारा उघडा चर. कुबडीचे टोक दोनदा रुतले. चौकात पादचाऱ्यांसाठी बटण होते खरे, पण त्याचा खांबही गवतातच उभा. सहापदरी रस्त्याच्या मध्यावर असतानाच चालण्याची खूण विझली. एका सद्गृहस्थाने मोटार थांबवून काच खाली केली आणि काळजीने विचारले, ‘‘आपली गाडी बंद पडली का?’’ धडधाकट माणूसही येथे हौसेने चालत नाही, मग कुबड्या घेतलेली बाई चालते आहे म्हणजे काहीतरी अपघात झालेला असणार!

दुकानाशी पोहोचले आणि जगच पालटले. दारे आपोआप उघडली. उंबरठा नाही, वाटा रुंद, बसून फिरण्यासाठी विजेच्या गाड्या दाराशीच ठेवलेल्या. स्वच्छतागृहात हाताशी येतील असे आधाराचे दांडे. सांगलीत तीस वर्षे माझे खाते असलेल्या बँकेला सात पायऱ्या आहेत. तेथला शिपाई मला पाहिले की स्वतःच खाली येऊन कागद घेऊन जातो. त्याच्या त्या चांगुलपणाचे ओझे मला इतकी वर्षे जाणवत होते, हे या दाराशी उभी राहिल्यावर कळले.

हे दांडे आणि उतार कोणी सहज दिलेले नाहीत. 12 मार्च 1990 रोजी वॉशिंग्टनमध्ये अनेक अपंग आंदोलकांनी चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या खालीच ठेवल्या आणि संसदभवनाच्या पायऱ्या ते सरपटत चढले. त्याच वर्षी 26 जुलैला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. मात्र जेथे पदपथ आहे तेथे तो वापरण्याजोगा असावा, एवढेच हा कायदा पाहतो; नसलेला पदपथ बांधायला तो लावत नाही. शिवाय पदपथाची निगा शेजारच्या जागामालकाने राखावी, अशी या शहराची जुनी रीत. केटीकडे जाणारा महामार्ग मात्र बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी सव्वीस पदरी झाला आहे.

मोटारीवर लावण्याचा अपंगांचा निळा फलक मला मिळाला. गाडी दाराजवळ उभी करता येते. पण गाडी चालवणारा हवा! डाव्या पायाने वेग देता येईल अशी सोय करून घेऊ, असे मुलगा म्हणाला. सांगलीत जोडचाकांची स्कूटर मी वीस वर्षे चालवली, तरी साठाव्या वर्षी त्या सव्वीस पदरांत शिरण्याचे धैर्य मला झाले नाही. अपंगांना घरून नेणारी सेवा आहे, परंतु कायद्याने तिची सक्ती नेहमीच्या बसमार्गापासून पाऊण मैलापर्यंतच. आमची वसाहत त्याच्या पलीकडे. म्हणून दाताच्या डॉक्टरांपासून टपालपेटीपर्यंत सगळे शनिवारवर येऊन ठेपले. सांगलीत पायऱ्या मला अडवत, पण रिक्षावाल्याला हाक मारली की मी कोणाची वाट पाहत नसे.

एका शनिवारी मुलाने मला रेल्वेच्या स्थानकावर सोडले. शहराच्या मध्यभागातून वैद्यकीय संस्थांच्या परिसराकडे 2004 पासून ही हलकी रेल्वे धावते. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत. मी तिकीट काढले, चढले, हर्मन पार्कला उतरले आणि तळ्याकाठी तासभर बसले. डब्यात दोन चाकाच्या खुर्च्या होत्या, रुग्णालयाच्या गणवेशातल्या परिचारिका होत्या. माझी गाडी बंद पडली का, असे कोणीही विचारले नाही. परतताना मुलाला दूरध्वनी करायलाही मी थोडा उशीरच केला.

आता ते दोघे घर बदलायचे म्हणत आहेत. रेल्वेजवळचे एक लहान घर पाहिले. सूनबाई स्वयंपाकघर पाहत होती, तेवढ्यात मी बाहेर जाऊन स्थानकापर्यंत चालून आले. दोनशे ऐंशी पावले, दोन्ही कोपऱ्यांवर उतार, एके ठिकाणी झाडाच्या मुळाने उचललेली फरशी. भाडे जास्त आहे, आणि मुलाला कामावर जायला रोज चाळीस मिनिटे अधिक लागतील. त्याने अद्याप काही सांगितलेले नाही. मीही पुन्हा विचारलेले नाही.