आपल्या पत्त्यातला थिबा

रत्नागिरी,
कोजागरी पौर्णिमा

चि. निखिल,

डिसेंबरात मित्रांना घेऊन येतोयस हे वाचून फार आनंद झाला. वरच्या दोन्ही खोल्या तुमच्यासाठी ठेवल्या आहेत. त्या आठवड्यात दुसरे पाहुणे घेणार नाही.

जवळपास काय बघायचं, असं विचारलंयस. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आणि दीपगृह, मांडवीची जेटी, भाट्याचा किनारा आणि तिथलं सुरूचं बन, टिळकांचं जन्मघर, १९३१ सालचं पतितपावन मंदिर, एवढं दोन दिवसांत सावकाश होतं. गणपतीपुळ्याला जाताना मात्र आरे-वारेच्या रस्त्यानेच जायचं. समुद्र सारखा डाव्या हाताला असतो, आणि वारेचा चढ चढल्यावर गाडी थांबवावीच लागते.

आपल्या पत्त्यात ‘थिबा पॅलेस रोड’ आहे, तो थिबा कोण, हा तुझ्या मित्रांचा प्रश्न मला जास्त आवडला. त्याचं नीट सांगते.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौजा त्याच्या राजधानीत, मंडालेला पोचल्या आणि अवघ्या काही दिवसांच्या लढाईत त्याचं राज्य गेलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्याला राण्या आणि लहान मुलींसकट आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये बोटीने इथे आणून ठेवलं. इथेच का? तेव्हाची रत्नागिरी डोळ्यांसमोर आण. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये! राजाला त्याच्या माणसांपासून तोडायचं, तर याहून सोयीची जागा कुठली? दिल्लीच्या बहादूरशहाला इंग्रजांनी असंच रंगूनला नेऊन ठेवलं होतं. पुढे १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि त्यांना नेलं मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत, असं १९१४ पर्यंत चाललं होतं. टिळकांच्या घरात उभं राहून हे मित्रांना सांग, त्यांना दोन्ही गोष्टी एकदम कळतील.

राजवाडा बांधला १९१० मध्ये. तोवर चोवीस वर्षं ही मंडळी बंगल्यांतच राहत होती. जांभा दगड, लाल विटा, सागवानी काम, कमानीच्या खिडक्या. वरच्या सज्जातून भाट्याची खाडी समुद्राला मिळते तिथपर्यंत दिसतं. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, तीही बघा. आमच्याकडे उतरलेले पाहुणे फोटो काढून येतात आणि म्हणतात, ‘राजा थाटात राहिला की!’ मला ते ऐकवत नाही. परवानगीशिवाय त्याला गावाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. तनखा पुरेना म्हणून जडजवाहीर विकावं लागलं, तरी कर्ज फिटेना. वाडा केवढाही असो, तो तुरुंगच होता. त्यात सहा वर्षं काढून डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. राणी सुपयालतला देह मायदेशी न्यायचा होता, सरकारने नेऊ दिला नाही. १९१९ मध्ये त्याला इथेच पुरलं आणि त्यानंतर राणीला घरी जायला मिळालं.

थोरल्या राजकन्येची गोष्ट आणखी जीव कासावीस करते. राजाकडचा दरवान गोपाळ सावंत याच्यावर तिचा जीव जडला. त्याचं लग्न झालेलं होतं. तिला त्याच्यापासून मुलगी झाली, टूटू. राजकन्या आईबरोबर ब्रह्मदेशात गेली, पण तिथे राहिली नाही. मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच गेली. टूटूने इथेच संसार केला, गरिबीत दिवस काढले, मराठीच बोलली आणि २००० साली वारली. राजाची नात आपल्या गावात आपल्यासारखी राहत होती, आणि गावाने तिची म्हणावी तशी कदर केली नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

म्हणून एक मागणं आहे. राजवाडा बघून परत फिरू नका. शिवाजीनगरला थिब्याचं थडगं आहे, शेजारी त्याच्या धाकट्या राणीचं. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले, पण आपली माणसं फारशी फिरकत नाहीत. मी तुमच्याबरोबर येईन, फुलं मी घेईन.

राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्या हिशेबाने तारखा ठरव. आणि कोकण रेल्वेचं आरक्षण खुलं होताच कर. डिसेंबरात ऐनवेळी तिकीट मिळत नाही.

तुझी,
आत्या