धाव

काल चैत्री पौर्णिमा झाली. आज येडेश्वरी देवीची पालखी आमराईच्या वाटेला लागली असता, चुन्याच्या रानात खडे वेचणाऱ्या भाविकांच्या गर्दीतून हळूच निसटून मी गावाबाहेरच्या त्या माळाकडे वळलो, ज्याच्या अंगावर माझ्या बालपणी बैलांच्या शर्यतीची धावपट्टी आखली जात असे. सातबाऱ्यात तिची नोंद नव्हती. दोन्ही अंगांस फक्कीच्या रेघा आणि टोकाला लाल निशाण, एवढाच तिचा दस्तऐवज. छकडीला जुंपलेली खिलार जोडी निशाण पडण्यापूर्वी नाकपुड्या फुलवून कशी थरथरे, आणि गाडीवानाच्या घामेजल्या मुठीत कासरा कसा आवळला जाई, हे अद्याप डोळ्यांपुढे आहे. पुढचे सारे धुळीत, आणि पंच सांगतील तो निकाल!

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना मनाई केली. चाबकाचे वळ आणि पिरगळलेल्या शेपट्या मी पाहिल्या असल्यामुळे त्या हुकमाविरुद्ध माझी फिर्याद नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदाही ग्राह्य धरला. परंतु तोवर आमचा माळ नांगराखाली गेला होता.

आज तेथे तुरीचे खुंट आहेत, पायाला टोचणारे. बांधावर गंजलेल्या लोखंडी पट्टीचा एक तुकडा सापडला. चाकाच्या त्या पट्टीलाही आपण धावच म्हणतो, हे इतक्या वर्षांत कधी ध्यानी आले नव्हते. उचलून पाहिला, आणि होता तेथेच ठेवला.