दहा मिनिटांत वर

कुकर नेण्याची कल्पना माझी. सात जण, एक रात्र आणि ९,१०० फुटांवरचं कुरण. तिथे पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं, म्हणजे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. हे मी आधीच शोधून ठेवलं होतं. परमिट, तंबू, स्टोव्हचा गॅस, पाणी गाळायचा फिल्टर, सगळं स्प्रेडशीटमध्ये होतं. माझ्या मावसभावाच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'कुकर, ३ लिटर'. त्याला उंचीचा त्रास होऊ शकतो, हा कॉलम मात्र शीटमध्ये नव्हता.

तो २३ वर्षांचा. जानेवारीत एमएस करायला लॉस एंजेलिसला आला. मावशीला मी फोनवर सांगितलं होतं, "काळजी करू नकोस, मी आहे ना." जूनमध्ये त्याची पहिली सेमिस्टर संपली, म्हणून हा कॅम्प.

पाम स्प्रिंग्ज म्हणजे चक्क वाळवंट. जूनमध्ये सकाळी दहालाच अंग भाजतं. तिथून सॅन हॅसिंटो डोंगरावर ट्राम जाते. ट्राम म्हणायची, पण आहे रोपवे, १९६३ साली सुरू झालेला. त्याच्या पाचपैकी चार मनोऱ्यांपर्यंत रस्ताच नव्हता, ते हेलिकॉप्टरच्या मदतीने उभे केले. डब्याची जमीन गोल फिरते, सगळ्यांना सगळीकडचं दिसतं. २,६४३ फुटांवरून ८,५१६ फुटांवर, साधारण दहा मिनिटांत. खाली निवडुंग, वर पाइनची झाडं. जेफ्री पाइनच्या सालीला नाक लावलं की व्हॅनिलाचा वास येतो. आम्ही सगळ्यांनी झाडांना नाकं लावून फोटो काढले.

कावीया हे इथले मूळ रहिवासी. उन्हाळा तापला की तेही वाळवंटातून वरच्या गारव्याला जायचे, पण पायी. तेव्हा ही गोष्ट मला नुसती माहिती म्हणून आवडली होती.

स्टेशनपासून राउंड व्हॅली अडीच मैल. पुण्यात कॉलेजात असताना पावसाळ्यातला एकही रविवार मी घरी काढला नव्हता, त्यामुळे अडीच मैल म्हणजे काहीच नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. पण आपलं कळसूबाई ५,४०० फूट. इथे आम्ही चालायला सुरुवातच त्याच्या तीन हजार फूट वर केली होती.

कुरण मात्र बघत राहावं असं. पाइनच्या मधोमध मोकळी हिरवी ओल, गवतातून वाहणारा बारीकसा ओहोळ. शेकोटीला मनाई, त्यामुळे स्टोव्हवर कुकर चढवला. त्या शांततेत पहिली शिट्टी झाली आणि सगळे इतके हसलो की पोट दुखायला लागलं. भाऊ हसला नाही. तो दगडाला टेकून बसला होता.

"डोकं दुखतंय का रे?"

"थोडंसं. मी ठीक आहे ताई."

मी म्हटलं, पाणी पी, जरा पड, सकाळपर्यंत बरं वाटेल. मला ते खरंही वाटत होतं आणि सोयीचंही होतं. संध्याकाळी सहाला त्याने एक घास खाल्ला आणि झाडामागे जाऊन उलटी केली. परत येऊन म्हणाला, "तुम्ही जेवा, खरंच ठीक आहे."

आमच्यातली नागपूरची मैत्रीण उठली. तिने त्याला सरळ रेषेत चालायला लावलं. चालला नीट. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "प्लॅन तुझा आहे, पण डोकं त्याचं आहे. शेवटची ट्राम मिळेल, निघ."

उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. हेही मी वाचलेलं होतं. तरी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की परमिट मिळवायला किती खटपट केली होती. हे लिहिताना लाज वाटते.

आम्ही तिघं निघालो. त्याची सॅक मैत्रिणीने घेतली. वाट उताराची, पण स्टेशनजवळ शेवटी सिमेंटचा तीव्र चढ आहे. तिथे तो दर दहा पावलांवर थांबत होता आणि दर वेळी "सॉरी ताई" म्हणत होता. आम्हाला ट्राममध्ये बसवून मैत्रीण हेडलॅम्प लावून कुरणाकडे परतली.

डबा अंधारात उतरायला लागला. कानांत दडे बसले. खाली दरीभर दिवे. दार उघडलं तसा भट्टीसारखा वारा अंगावर आला आणि पहिल्यांदाच तो उकाडा मला बरा वाटला. तासाभरात त्याचं डोकं उतरलं. पार्किंगमध्ये गाडीचे दरवाजे उघडे टाकून आम्ही दशम्या खाल्ल्या.

खाता खाता तो म्हणाला, "ताई, एका विषयात नापास झालोय."

मग बाकीचंही आलं. रात्रीची झोप नाही. वर्गात सगळे भराभरा बोलतात, तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आईला रोज सांगायचं, ठीक आहे. मला दर रविवारी सांगायचं, ठीक आहे. आणि मी दर रविवारी ते ऐकून पुढच्या कामाला लागत होते.

मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मीही हेच दोन शब्द घरी पाठवायची. विमान एका दिवसात इथे आणून सोडतं. आपण पोहोचलो असं सगळे धरून चालतात, आपणही. शरीराला नऊ हजार फुटांची सवय व्हायला काही दिवस लागतात आणि त्याला कुणी हसत नाही. पण चार महिन्यांत मुलगा रुळला नाही, तर तोच सॉरी म्हणतो.

त्या रात्री मी सल्ला दिला नाही. माझा एक जुना, कुणालाच न सांगितलेला नापासाचा किस्सा सांगितला. तो हसला. आम्ही एका स्वस्त मोटेलमध्ये एसी लावून झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे पाच जण घासलेला कुकर घेऊन उतरले. कुरणावरच्या पहाटेचे फोटो सुंदर होते. मी ती पहाट पाहिली नाही.

त्याने मावशीला त्याच आठवड्यात फोन केला. मी शेजारी बसले होते, बोलला तोच. पलीकडे मावशी आधी रडली, मग म्हणाली, "जेवतोस ना नीट?"

सप्टेंबरात पुन्हा जायचं ठरतंय. या वेळी पलीकडच्या बाजूने, आयडिलवाइल्ड गावात एक रात्र मुक्काम करून, मग पायी वर. ते गाव साधारण कळसूबाईएवढ्याच उंचीवर आहे. शीटमध्ये नवा कॉलम त्यानेच टाकलाय : 'कसं वाटतंय?' खाली टीप लिहिली आहे, 'ठीक आहे' हे उत्तर चालणार नाही.