पाणी पडतं तिथं भोक नसतं

आमच्या नायगावात पावसाळा लागला, भरतीला खाडी फुगली की मिठागराचा बांध कुठला आणि पाणी कुठलं, कळायचं नाही. अशा दिवसांत घर कोरडं ठेवायचं हेच मोठं काम. त्यात एका वर्षी गाडी गळायला लागली.

गाडी म्हणजे आमचा टेम्पो. आठवडाभर भाजी वाहायचा. मागे पत्र्याची बंद बॉडी, आत दोन्ही बाजूंना फळ्यांचे बाक, वर प्लायचं छत. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला सगळं घर त्यातच. रात्री बाक जोडून झोपायचं, सकाळी स्टोव्हवर चहा करायचा. परदेशात लोक अशी राहती गाडी हौसेने विकत घेतात हे फार पुढे कळलं. आमच्या गाडीला मेथी-कोथिंबिरीचा वास, एवढाच फरक.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पुढच्या बाकावर थेंब पडायला लागला. ती आजीची जागा. त्याच्या बरोबर वर टपावर धाकट्याने चार बोल्ट मारून सामानाचं कॅरिअर बसवलेलं. मग शोधायचं काय राहिलं?

"तूच भोकं पाडलीस, तूच बुजव," मी म्हटलं.

त्याने बोल्टांभोवती डांबर ओतलं. थेंब चालूच. मग डांबर खरवडून लांबी भरली. तरी थेंब तिथंच. एकदा चारचौघांत मी बोलून गेलो, "काम करायला अक्कल लागते." तो गप्प राहिला. त्या दिवसापासून जेवताना माझ्या शेजारी बसेना, बोलेना. असा दीड महिना गेला.

श्रावणात जरा उघडीप मिळाली तेव्हा बाबा अंगणात आले. दर मे महिन्यात घर शाकारायचे ते स्वतःच. कौलांची त्यांना बोटांनी ओळख.

"पानी आढ्याला शिरतं, वाशावरनं घरंगळतं नि कुठंतरी लांब टपकतं. पडतं तिथं भोक नसतं. गाडी उभी कशी हाय ते बघितलंस का?"

अंगणाला उतार होता. गाडीचं तोंड नेहमी उताराकडे, मागची बाजू उंच. रोज बघत होतो, पण ध्यानात आलं नव्हतं.

बाबांनी आतलं प्लाय उतरवायला लावलं. पत्रा फडक्याने कोरडा केला आणि त्याच्या आतल्या अंगाला हातहातभर अंतरावर खडूच्या आडव्या रेघा मारल्या. धाकटा पाण्याची कळशी नि तांब्या घेऊन टपावर, मी आत बॅटरी घेऊन.

"खालच्या अंगानं सुरू कर," बाबा त्याला म्हणाले. "वरनं ओतलंस तर सगळंच भिजंल, मग कळनार काय?"

आधी पुढचा भाग, ते चार बोल्ट. तांब्यामागून तांब्या ओतला. थोडं थांबलो. रेघा कोरड्या. मग मधला भाग. कोरडा. शेवटी मागची कड. दुसऱ्या तांब्याला सगळ्यात मागची रेघ विरघळली. मग तिच्या पुढची, मग तिसरी. पाणी आतल्या लोखंडी पट्टीला धरून सरळ पुढे पळालं आणि पट्टी संपली तिथं, आजीच्या जागेवर टपकलं.

मागच्या कडेला एक कडी होती. जत्रेला जाताना झेंड्याची काठी अडकवायला बसवलेली. वायसर न घालता स्क्रू सरळ पत्र्यातून पिळलेला, आता भोवती गंज. चैत्रात निघायच्या घाईत तो पिळला होता मी.

वरून आवाज आला, "दिसलं का रे, दादा?" दीड महिन्यातला त्याचा पहिला शब्द.

"दिसलं. माझंच भोक हाय."

तो खाली उतरला, बघितलं. हसला नाही, बोललाही नाही. गंज घासून काढला, जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापला आणि स्क्रूखाली घातला. "गाडी हालते, दादा. नुसती लांबी लावली तर तडकते. रबर पायजे."

त्या रात्री पाऊस धो धो आला. बॅटरी घेऊन मी बाकावर उशिरापर्यंत बसलो. थेंब पडला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो शेजारी येऊन बसला. भावाची माफी मागायची आमच्याकडे रीत नव्हती. माझ्या वाटचं राजेळी केळं मी उचलून त्याच्या ताटात ठेवलं. त्याने ते खाल्लं.