ठिगळ

लष्करी रायफलीचं जुनं लाकूड काळं दिसतं, पण त्याला काळा रंग कुणी दिलेला नसतो. शिपायाने तळहाताने चोळलेलं कच्चं जवसाचं तेल, त्यावर घाम, धूळ, लोखंडाचं वंगण, पुन्हा तेल. वर्षानुवर्षं थरावर थर चढतात आणि खालचा अक्रोड दिसेनासा होतो.

माझ्याकडची रायफल ईशापूरची. हुगळीकाठच्या कारखान्यात घडलेली ली-एनफील्ड. लहानपणी पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली तीच थ्री-नॉट-थ्री. दस्ता जिथे लोखंडात बसतो तिथे मुकुट, खाली जी. आर. आय. ही सम्राटाची अक्षरं आणि १९४३ हे साल. सैन्याला नकोशा झालेल्या अशा कितीतरी रायफली पुढे विकल्या गेल्या आणि समुद्रापार अमेरिकेत आल्या. मीही भारतातूनच इथे आलो, म्हणून दुकानात ती अक्षरं दिसल्यावर तिला सोडून यायला पाय उचलेना.

मळ काढायची माझी पद्धत जुनीच आहे. टर्पेंटाइनमध्ये कालवलेल्या खडूच्या पुडीचा लेप द्यायचा आणि लाकूड उन्हात ठेवायचं. तापलं की ते आतलं तेल सोडू लागतं, खडू ते पितो, पांढऱ्याचा तपकिरी होतो. खरवडायचा, पुन्हा लावायचा. पोचे पडलेत तिथे ओला कपडा ठेवून वरून इस्त्री टेकवायची. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. चेपलेलं वर येतं, कापलेलं येत नाही. पॉलिशपेपर मात्र मी या लाकडाला लावू देणार नाही. त्याने तपासनिसाचे ठसे जातात, कडा गोल होतात, लोखंडाला भिडून असलेलं लाकूड खाली बसतं आणि रायफल अंगाने वाळल्यासारखी दिसते. चकचकीत वार्निश मारून दिवाणखान्यात टांगलेल्या अशा रायफली पाहिल्या की मला खरोखर वाईट वाटतं.

लेपाखालून एक दिवस ते ठिगळ वर आलं. नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, चीर गेलेल्या जागी, बोटाच्या पेराएवढा अक्रोडाचा तुकडा. पाचरीच्या आकाराचा, आत रुंद आणि बाहेर निमुळता, म्हणजे ओढला तरी सुटू नये असा. दोन बारीक लाकडी खुंट्या. तुकड्याच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांना इतक्या जुळवून घेतल्या आहेत की नखाने चाचपल्यावरच सांधा कळतो.

चीर का पडली असावी, तेही ताडता येतं. दस्त्याच्या पोटातून लांब बोल्ट जातो. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्र्याच्या खाचेत अडकलेलं असतं. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच तो बोल्ट फिरवायचा. क्रम उलटा झाला तर पत्रा वळतो आणि लाकूड नेमकं तिथेच फाटतं. कुणाची तरी घाई झाली असेल. मग कुठल्या तरी छावणीत, कुठल्या तरी मिस्त्रीने पटाशी घेऊन ती निस्तरली. सरकारी मालाच्या, कुणाच्याही नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यासाठी त्याने रेषा जुळणारा तुकडा शोधला. ही रायफल वाहणाऱ्या शिपायांपेक्षा मला तोच अधिक जवळचा वाटतो.

बंदुकीचं लाकूड निष्पाप नसतं, मग ती रायफल असो वा दुसरी कुठली, हे मला ठाऊक आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना टॉमी गनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी नळी धरून बंदूक उलटी फिरवली आणि समोरच्या मशीनगनवरच्या उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी ठार केलं. मग तेही गोळ्यांनी कोसळले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगाव तालुक्यातल्या या तरुणाचं शौर्य सांगताना छाती भरून येते, आणि ते दोघेही आठवतात. दस्त्यावरून हात फिरवताना मी यातलं काहीच बाजूला सारत नाही.

आता तेलाची पाळी. कच्चंच जवसाचं घेतलंय, कारण फौजेत तेच वापरत. ते उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. त्या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेटू शकतात. मी ते अंगणात पसरून सुकवतो. वास थेट आमच्या विदर्भातल्या जवसाच्या चटणीचा.

चीर ठिगळाच्या पुढे थोडी सरकली आहे. तिथे मी दुसरा तुकडा बसवणार आहे, पहिल्याला धक्का न लावता, त्याच्याच पाचरीच्या घाटाचा. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकणाआड तेलाची बाटली ठेवायची पोकळी असते. तिच्यात मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी जाईल: आधी पुढचं लाकूड काढा, मग बोल्ट.