उभ्या गाडीचें तेल

वापरलेली वस्तु झिजते आणि ठेवणींतली वस्तु टिकते, असा आपल्या लोकांचा फार जुना समज आहे. तो अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. लग्नांतला शालू वर्षांतून एकदां नेसला तर तो लेकीसुनांच्या अंगावर जातो, आणि फडताळांतील तांब्यापितळेचीं भांडीं केवळ सणावारीं काढलीं तर तीं चार पिढ्यांना पुरतात. परंतु हाच न्याय मोटारीला लावणें कितपत योग्य आहे, याचा विचार करण्याचा प्रसंग मध्यंतरीं आमच्यावर आला. विषय कांहींसा रूक्ष व तेलकट आहे, हें आम्ही जाणतों. तथापि ज्यांच्या दारीं मोटार आहे आणि ती बहुधा उभीच असते, अशा शाळाबंधुभगिनींना त्याचा उपयोग होईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांत आहे. दारांत एक लहान मोटार आहे. पण ती वर्षाकाठीं हजार किलोमीटरहि चालत नाहीं. बाबांची कचेरी पायीं जाण्याच्या अंतरावर, शाळा त्याहून जवळ, आणि बाजारहाट सायकलवर होतो. मग मोटार बाळगली तरी कशाला, असें पाहुणे विचारतात. त्याला एकच उत्तर आहे: आजीसाठीं. आजीचें वय ८१ असून तिला दम्याचा विकार आहे. दमा कांहीं दिवस-रात्र पाहून येत नाहीं, आणि मोठें रुग्णालय आमच्यापासून ४० किलोमीटर दूर आहे; वाटेंत एक घाटहि लागतो. म्हणजे आमची मोटार वर्षभर उभी राहते ती दोनचार रात्रींकरितां. त्या रात्रीं मात्र तिनें दगा देतां कामा नये.

सन २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही कोल्हापुरास मामांकडे गेलों होतों. मामांनीं नुकतीच एक जुनी मोटार विकत घेतली होती. ती ९ वर्षांची होती, पण चालली होती अवघी १४,००० किलोमीटर. "आधींच्या मालकानें नुसती पुसून ठेवली होती हो," असें मामा मोठ्या कौतुकानें सांगत. आम्हांस घरीं पोंचविण्यासाठीं ते त्याच मोटारींतून निघाले. मलकापूर मागें पडलें आणि आम्ही आंबा घाट उतरूं लागलों. उतार लांब, वळणें अवघड, आणि पुढें एक भरलेला ट्रक. त्यामुळें मामांचा पाय सारखा ब्रेकवर होता. निम्मा घाट उतरल्यावर मामा बोलतां बोलतां एकदम गप्प झाले. ब्रेकचें पेडल पायाखालीं मऊ लागूं लागलें, आणि पुढच्या वळणाशीं तें तळापर्यंत गेलें तरी गाडी थांबेना. मामांनीं धीर सोडला नाहीं. गिअर खालीं आणून व हातब्रेक हळूहळू ओढून त्यांनीं गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि गटाराशीं टेकविली. कोणाला खरचटलेंसुद्धां नाहीं. पण दुसऱ्या बाजूला दरी होती, हें आम्हीं खालीं उतरून पाहिलें तेव्हां कोणाच्याच तोंडून शब्द निघेना.

नवल असें कीं, अर्ध्या तासानें गाडी निवाली आणि ब्रेक पूर्ववत् लागूं लागला. तरीहि मामांनीं पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच, सावकाश, साखरपा गांठलें व तेथील एका मिस्त्रींना गाडी दाखविली. मिस्त्रींनीं ब्रेकच्या तेलाची डबी उघडली. आंतलें तेल काढ्यासारखें काळपट झालें होतें.

"साहेब, हें तेल कधीं बदललंय?"

"अहो, गाडी चौदा हजारच चालली आहे."

"किलोमीटर नाहीं विचारले मीं. सालं विचारलीं."

मामांनीं आधींच्या मालकाला फोन लावला. नऊ सालांत तें तेल कोणीं बदललेंच नव्हतें.

मिस्त्रींच्या त्या एका प्रश्नांत सगळा विषय आला, असें आम्हांस वाटतें. ब्रेकचें तेल हें खरें पाहतां तेलच नव्हे. तें ग्लायकॉल-ईथर जातीचें रसायन आहे, आणि हवेंतील ओलावा शोषून घेणें हा त्याचा स्वभावधर्म आहे. रबरी नळ्यांतून व डबीच्या झांकणावाटे हा ओलावा हळूहळू आंत शिरतो. गाडी धांवत असो वा उभी असो, त्याला दोन्ही सारखेंच. कोरडें असतांना डॉट ३ जातीचें तेल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. त्यांत शेंकडा ३.७ पाणी मिसळलें कीं हा दंडक १४० अंशांवर येतो. डॉट ४ जातीसाठीं हेच आंकडे २३० व १५५ आहेत. घाटाच्या उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला म्हणजे चाकापाशीं उष्णता साठत जाते, ओलसर तेल उकळतें, आणि नळींत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि सर्व जोर तिच्यांतच जिरतो. पुढें गाडी निवाली कीं वाफेचें पुन्हां पाणी होतें व ब्रेक लागूं लागतो. म्हणून हा दोष फसवा आहे. बाजाराच्या फेरींत तो दिसत नाहीं; दिसतो तो घाटांतच. आमच्या कोंकणांत चार महिने हवाच पाण्यानें भिजलेली असते. अशा ठिकाणीं हें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें, मग गाडी किती कां थोडी चालली असेना.

घरीं आल्यावर आम्हीं ही हकीकत बाबांना सांगितली, व आपल्या गाडीचें तेल कधीं बदललें तें विचारलें. ब्रेकचें तेल पांच वर्षांचें निघालें व इंजिनाचें तीन वर्षांचें. ब्रेकचें तेल बदलण्यास बाबा तत्काळ तयार झाले. इंजिनाच्या तेलाविषयीं मात्र ते कांहीं केल्या ऐकेनात. बाबा काटकसरी आहेत, आणि त्या काटकसरीवरच आम्हां भावंडांचें शिक्षण चाललें आहे, हें आम्ही विसरत नाहीं. ते म्हणाले, "अरे, हें तेल जमिनीच्या पोटांत लाखों वर्षें पडून होतें. तेव्हां नासलें नाहीं, तें आपल्या इंजिनांत तीन वर्षांत कसें नासेल? शिवाय दर रविवारीं मी गाडी अंगणांत पांच मिनिटें चालूं करून ठेवतोंच कीं."

वरवर पाहतां हा युक्तिवाद बिनतोड आहे. खुद्द तेल काळानें फारसें नासत नाहीं, हें खरें. दुकानांतील सीलबंद डबा कित्येक वर्षें चांगला राहतो. पण इंजिनांत शिरल्यावर त्या तेलाला संगत लागते, आणि जो बिघाड होतो तो संगतीचा. रसायनशास्त्राच्या तासाला आम्हीं जें गणित केलें होतें तेंच आम्हीं बाबांपुढें वहींत करून दाखविलें. पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतील हायड्रोजनाचें पाणी होतें. एक लिटर पेट्रोलापासून सुमारें एक लिटर पाणी! सकाळीं गाडी चालूं केल्यावर सायलेन्सरमधून थेंब गळतात ते याच पाण्याचे. बहुतेक वाफ तिकडून निघून जाते, परंतु थोडी पिस्टनच्या कड्यांजवळून खालीं तेलांत उतरते. तिच्याबरोबर न जळलेलें पेट्रोल व आम्लेंहि उतरतात. गाडी २०-२५ किलोमीटर सलग चालली तर तेल चांगलें तापतें आणि पाणी व पेट्रोल पुष्कळसें उडून जातें. पांच मिनिटांत इंजिन धड तापतहि नाहीं. पाणी तयार होतें, आणि तेथेंच राहतें. आम्लांचा प्रतिकार करणारीं द्रव्यें तेलांत घातलेलीं असतात, पण तींहि या कामीं खर्च होतात. तात्पर्य, रविवारचीं तीं पांच मिनिटें गाडीचें औषध नसून तिचें कुपथ्य होतें.

बाबांनीं आंकडेमोड तपासून पाहिली आणि ती बरोबर आहे असें कबूल केलें. पण चांगलें दिसणारें तीन लिटर तेल काढून टाकण्यास त्यांचा हात धजेना. तेव्हां इतका वेळ खाटेवर बसून ऐकणारी आजी बोलली. ती म्हणाली, "काय रे, मी तरी हल्लीं कोठें चालतें-फिरतें? या खाटेवरून त्या माजघरांत. म्हणून काय माझें औषध मी पावलें मोजून घेतें? घड्याळ बघूनच घेतें ना?"

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाबा गाडी घेऊन गॅरेजांत गेले.

गॅरेजांत बाबांनीं सर्वच द्रवांची चौकशी केली. इंजिनाचें तेल वर्षांतून एकदां बदलावें. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत किलोमीटर व महिने असे दोन आंकडे दिलेले असतात, त्यांपैकीं जो आधीं भरेल तो धरावा. उभ्या गाडीचे महिनेच आधीं भरतात. रेडिएटरमधील कूलंटाचें आयुष्य त्याच्या जातीवर अवलंबून असतें. जुन्या पद्धतीचें असेल तर सुमारें दोन वर्षें, दीर्घायुषी असेल तर पांच. त्यांतील गंज रोखणारीं द्रव्यें संपलीं कीं तें आंतून धातु खाऊं लागतें. पेट्रोल तर याहूनहि नाजूक. सन २०२५ मध्यें आपल्या देशानें पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें, आणि इथेनॉल पाण्याचा मोठा लोभी. म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवून टाकींत तेंच पेट्रोल राहूं देऊं नये; अधूनमधून तिला लांब फिरवून तें जाळावें व ताजें भरावें. मात्र सर्वच कांहीं दरवर्षीं ओतून टाकावें असेंहि नाहीं. गिअरच्या पेटींतील तेलाचा जळत्या पेट्रोलाशीं संबंध येत नाहीं. पुस्तिका वेगळें सांगत नसेल व कोठें गळती नसेल, तर तें खुशाल राहूं द्यावें. या एका वाक्यानें बाबांचें समाधान झालेलें स्पष्ट दिसलें.

येथें एक सूचना करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. काढलेलें तेल गटारांत किंवा विहिरीजवळ कधींहि ओतूं नये; तें गॅरेजवाल्याकडेच द्यावें, म्हणजे पुढें तें शुद्ध करणाऱ्यांकडे जाऊं शकतें. कूलंटाच्या बाबतींत तर विशेष जपावें. तें चवीला गोड पण विषारी असतें. अंगणांत सांडलें तर कुत्रीं-मांजरें तें चाटतात आणि प्राणास मुकतात. लहान मुलांनाहि तोच धोका आहे.

आतां आमच्या घरांतील दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारीं मोटारीच्या तेलाच्या तारखाहि लिहिलेल्या असतात. रविवारचीं पांच मिनिटें बंद झालीं असून पंधरवड्यांतून एकदां बाबा गाडी घेऊन रुग्णालयाच्या रस्त्यानें घाट उतरून जातात व परत येतात. गेल्या श्रावणांत मध्यरात्रीं आजीचा दमा उसळला. बाहेर पाऊस कोसळत होता. गाडी पहिल्या प्रयत्नांत चालूं झाली, घाटांत ब्रेक व्यवस्थित लागला, आणि तासाभरांत आजीला प्राणवायु मिळाला. चौथ्या दिवशीं ती घरीं आली.

वाचकहो, येत्या सुटींत आपण आपल्या घरीं, आजोळीं किंवा शेजारीं एखादी अशी उभी मोटार पाहाल. तिचा मालक ती किती थोडी चालली आहे हें अभिमानानें सांगेल. तें आदरानें ऐकून घ्यावें, आणि मग साखरप्याच्या मिस्त्रींनीं विचारलें तेंच त्यांना विचारावें: "काका, ब्रेकचें तेल बदलून किती वर्षें झालीं?"